मालकाची पाळणूक

आमच्या मालकाले, माझ्या नवऱ्याले, पोटाची भूक कधी नव्हती. असती तं मी भागवली असती. माझ्या हाताले चव हाये, ते साऱ्या टोलीले ठाऊक होतं. त्याइची भूक दुसरीच होती. ती कशाची, ते त्याइले सांगता येत नव्हतं अन् मले समजत नव्हतं, म्हून आमचं रोज भांडण व्हायचं. खरं सांगायचं तं भांडायची मी एकटीच. ते आयकून घेत.

आम्ही ढिवर. कुरखेड्याच्या अलीकडं तळ्याकाठी आमची वस्ती होती, तिले टोली म्हणत. आमची माणसं मासोळी मारत अन् रानात कोसा राखत. कोसा म्हणजे रेशमाचा किडा. तो घरात वाढत नाई, ऐनाच्या झाडावर वाढते. माणूस झाडाखाली खोपडी घालून राह्यते, गोफणीनं कावळे हाकलते, बुडाच्या मुंग्या झाडते, अन् एका झाडाचा पाला सरला का फांदीसकट किडे दुसऱ्या झाडावर नेते. मंग किडा कोश करते अन् कोष्टी त्याचं कापड विणते.

किडा झाडावर हाये तोवर तो देव. तोवर राखणाऱ्यानं दाढी करायची नाई, तेल लावायचं नाई, ढिवर असून मासोळी खायची नाई. एक वेळ हातानं रांधून जेवायचं. बाईनं तं त्या रानात पायच ठेवायचा नाई. हद्दीवर एक दगड असते, तिथी तांदूळ-मीठ ठेवायचं अन् मुकाट परत फिरायचं. याले पाळणूक म्हणतात. माझ्या बापानं पाळली, भावानं पाळली, त्यात नवल काही नाई.

नवल पुढं होतं. कोश उतरले का बाकीची माणसं त्याच दिवशी तळ्यावर जात, हजामत करत, बायकोले म्हणत, आण आता मासोळी. आमचे मालक तसेच दाढी वाढवून बसून राहत. मी म्हणायची, "उठा जी, सुटली पाळणूक." ते म्हणत, "अजून काही तरी राह्यलं वो." काय राह्यलं ते सांगत नव्हते. मार्कंड्याच्या जत्रेले जाऊन वैनगंगेत आंग धुऊन आले. तोंड जातानी जसं होतं तसंच घेऊन आले. मीठ सोडलं. घरात बाज असून जमिनीवर निजू लागले. आमची पोरगी लगन होऊन गेली होती, घरात आम्ही दोघंच, अन् त्यातला एक असा. माझ्या जिवाले घोर लागला होता का हा माणूस एक एक सोडत असाच सुकून मरन.

आमचा जिल्हा मुंबई राज्याले जोडला, त्याच्या आदल्या पावसाळ्यात रोग आला. किडे फांदीवर उलटे लटकले, काळे पडले अन् त्याइचं पाणी झालं. साऱ्या टोलीचं पीक गेलं. जातीचे लोक बसले, आमचे पाटील बापूजी मधात. कोणी पाळणूक मोडली, एवढीच गोठ होती. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं पाहून राह्यला. तं मालक उभे राह्यले, पाय लटलट कापून राह्यले होते, अन् म्हणाले, "मी मोडली. तळ्याकडून वास आला अन् मले मासोळी आठवली."

सांगा आता. खाल्ली नाई, शिवली नाई, फक्त आठवली. असं धरलं तं साऱ्या टोलीले फासावर द्या लागलं असतं. पण लोकाइले कोणी तरी सापडायचा होता, तो सापडला. त्याइचं डोकं भादरलं, नदीत उभं केलं, जातीले भात घालायले लावला. माझं वरसभराचं धान त्यात गेलं. शेवटी बापूजीनं आपल्या हातानं त्याइच्या तोंडात घास दिला अन् म्हणाले, "झाला तू शुद्ध, लटारू."

मालकानं घास गिळला अन् इचारलं, "बापूजी, तुमाले कसं समजलं?"

बापूजी चिडले. "समजायचं काय त्यात? जेवला का सुटला."

मालक घरी आले अन् भिंतीकडं तोंड करून निजले. मी त्या दिवशी भांडली नाई. माझी ताकदच सरली होती.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा किडे झाडावर चढवले. मालक रानात, मी टोलीत. त्याच वेळेस पत्रूभाऊ पुन्हा यायले लागला. हा आरमोरीकडचा कोष्टी, पीक कसं हाये ते पाहाले दर साली यायचा. मधात तो लय आजारी होता. मिशनच्या दवाखान्यात पडून राह्यला अन् तिथून ख्रिस्ती होऊन आला, म्हून त्याच्या जातीनं त्याले टाकलं होतं. तो हद्दीच्या दगडापाशी बसायचा, आत यायचा नाई. आमची रीत त्याले ठाऊक होती अन् तो ती मानत होता.

मी तांदूळ घेऊन गेली त्या दिवशी दोघं बोलून राह्यले होते. मालक दगडाच्या आतल्या बाजूले, तो बाहेर.

पत्रूभाऊ म्हणाला, "लटारूभाऊ, किती पाळान?"

"पुरं होईपर्यंत."

"पुरं कधी होते?"

मालक पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राह्यले. मंग पत्रूभाऊनं त्याइले येशूची गोठ सांगतली. वाचून नाई, त्याले वाचता येत नव्हतं, आयकलेली सांगतली. त्यानं कोणाचं काही घेतलं नव्हतं, तरी लोकाइनं त्याले लाकडावर ठोकलं. मरतानी तो म्हणाला का माह्यं काम झालं, आता कोणाकडं काही राह्यलं नाई. "तुमी जे पुरं करून राह्यले ना भाऊ, ते त्यानं तुमच्यासाठी पुरं केलं. तुमाले फक्त घ्यायचं हाये."

माझं डोस्कंच फिरलं. मी तांदळाचं गाठोडं आपटलं. "पत्रूभाऊ, तुमची जात गेली ते गेली, आता माझ्या घरची घ्यायले आले का?"

तो हात जोडून म्हणाला, "बाई, मी काही न्यायले नाई आलो. त्याइनं इचारलं, मी सांगतलं." अन् उठून गेला. पण मालकाच्या तोंडाकडं पाहून मले समजलं का तो पुन्हा येईन. तो आला बी, कितीकदा.

मंग एक दिवस भर दुपारी मालक दारात उभे. दाढी केलेली, डोक्याले तेल. किडे अजून झाडावर, अन् हा माणूस तेल लावून घरी. माझ्या हातातलं सूप गळून पडलं. आमच्यात याचा एकच अर्थ होते, पीक मेलं. मी दारातच बसली अन् गळा काढला. गेलं वो माय, याही साली गेलं. साऱ्या बाया धावत आल्या, कोणी मले धरलं, कोणी आपल्या माणसाच्या पिकासाठी रडू लागली. मालक मधात उभे राहून म्हणत होते, "अवो, आयक तं. किडे चांगले हायेत."

कोणी आयकेना. शेवटी त्याइनं माझे दोन्ही हात धरले. "किडे चांगले हायेत रुखमे. मीच बरा झालो. घरात झिंगे हायेत का?"

माझं रडणंच थांबलं. बायाइचंही थांबलं, अन् मंग एक एक करून त्या मागं सरकल्या. मी यंत्रावानी झिंग्याचं कालवण केलं. ते जेवले, दुसऱ्यांदा भात घेतला. मी म्हणली, "काय झालं ते सांगा, नाई तं मी इथीच जीव देते." ते म्हणाले, "काल झाडाखाली बसून पत्रूभाऊच्या येशूले म्हणलं, बाबा, माझ्यानं होत नाई, तूच घे. मंग मले झोप लागली. उठलो तं काहीच राह्यलेलं नव्हतं. मी इकडंतिकडं पाह्यलं, कुठीच काही राह्यलेलं नव्हतं." एवढं बोलून हसले. त्याइच्या गालाले हसतानी खळी पडते, हे मी इसरूनच गेली होती. मले आनंद झाला अन् राग बी आला. एवढी वरसं मी रांधून, भांडून, रडून जे करू शकली नाई, ते कोण्या परक्यानं केलं होतं.

ते परत रानात गेले अन् कामाले लागले. फांद्या कापणं, मुंग्या झाडणं, सारं पहिल्यासारखंच, किडा हातात घ्यायच्या आधी हात धुणं बी. फक्त भेणं गेलं होतं.

अन् त्याच साली पुन्हा रोग आला.

पहिले नाल्यापलीकडं मुखरूच्या झाडावर आला, मंग साऱ्याइच्या. जातीचे लोक बसले. मुखरूच्या झाडावर पहिले आला, म्हून पहिले त्याच्या घराकडं बोट गेलं. त्याची बायको मंगली, नवीनच आलेली पोरगी. मुखरूले रानात ताप चढला होता तं ती दगड ओलांडून त्याले घोंगडी देऊन आली होती. कोणी तरी पाह्यलं होतं. ती मधात उभी, पदर तोंडात कोंबलेला. मुखरू खाली मान घालून बसला होता. म्हातारे म्हणून राह्यले होते का हिले माहेरी घालवा अन् मुखरूले दुसरी करू द्या. तिचं माहेर म्हणजे एक आंधळा बाप. कुठी गेली असती ती?

मालक उठले. यावेळेस पाय कापत नव्हते, मी पाह्यलं. म्हणाले, "बापूजी, तिले बसू द्या. ती गेली त्याच्या आधीच पाळणूक मोडली होती. दाढी मी केली, मासोळी मी खाल्ली, साऱ्या बायाइनं पाह्यलं. द्यायचं ते मले द्या."

बापूजी वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "लटारू, मागच्यासारखा भात घाल अन् त्या कोष्ट्याच्या देवाचा नाद सोड. मंग झालं."

"भात घालतो बापूजी, साऱ्याइले पोटभर घालतो. पण शुद्ध व्हायले नाई घालत. अन् देव तं आता सुटत नाई."

झालं. जातीबाहेर. टोलीची विहीर बंद, तळ्यातला वाटा बंद, कोणी विस्तव द्यायचा नाई. बापूजी मले म्हणाले, "रुखमाबाई, तुह्यावर काही नाई. भावाच्या घरी राह्य."

मंगली तिथीच खाली बसली होती. तिनं माझ्याकडं पाह्यलं. मी घरी गेली अन् भांडी बांधली.

आरमोरीच्या वाटेनं मी पूर्ण रस्ता मालकाले शिव्या दिल्या. डोक्यावर गाठोडं, तोंड सुरू. मधात थांबून इचारलं, "खरं सांगा, तुमच्यानं मेले का किडे?"

"नाई वो. हवा खराब होती. तिच्यानं बी नाई मेले."

"मंग आपल्या आंगावर काऊन घेतलं?"

"ते लोक कोणावर तरी टाकणारच होते. त्या पोरीले झेपलं नसतं." थोडं चालून म्हणाले, "मले आता झेपते."

मी गाठोडं सावरलं अन् पुन्हा तोंड सुरू केलं.

पत्रूभाऊनं आपल्या घराजवळ जागा देली. मालकानं तिथी खोपडी उभी केली, मी दिवसभर माती कालवून भिंती लिपल्या. सांज झाली तशी आंगणात भुईवर बसली, हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले, घरदार गेल्याचं सारं दुःख तेव्हा एकदम वर आलं. मालकानं रांधलं होतं, रानात राहून राहून त्याइले येत होतं. ते ताट घेऊन बाहेर आले. मले वाटलं आपल्यासाठी वाढून घेतलं. ते माझ्यासमोर बसले अन् म्हणाले, "तू जेवली का?"

लगन झाल्यापासून या माणसानं मले हे इचारलं नव्हतं. वाईट होते म्हून नाई. आपलं काय राह्यलं ते पाहण्यातच त्याइचा जलम गेला, माझ्याकडं पाहाले त्याइले सवडच नव्हती. मी त्या दिवशी पोटभर रडली अन् मंग पोटभर जेवली.

त्याइनं पुढच्या उन्हाळ्यात बाप्तिस्मा घेतला. मी नाई घेतला. मी मालकासाठी आली होती, देवासाठी नाई, अन् तसं मी मिशनच्या पादरीबाबाइले तोंडावर सांगतलं होतं. ख्रिस्ती देवळात मागच्या बाजूले बसायची, गाणं आयकायची, घरी यायची. मालकानं एकदाही म्हणलं नाई का तू बी घे. मीच वाट पाहत राह्यली का हे तोंड पुन्हा सुकते का, आता तरी इचारणं बंद होते का. नाई झालं. रोज इचारत. कोणी दारात आलं तं त्याले बी इचारत.

मंग एक दिवस मीच उठून पादरीबाबाकडं बाप्तिस्मा मागाले गेली. त्याइनं रीतीप्रमाणं इचारलं, "बाई, तुमाले येशूबद्दल काय समजलं?"

मले पाठ काही येत नव्हतं. मी म्हणली, "माझा माणूस मले रोज इचारते, जेवली का. त्याले ते ज्यानं शिकवलं, मले त्याच्याकडं यायचं हाये."

पादरीबाबाइनं दुसरं काही इचारलं नाई. म्हणाले, रविवारी या.