घरातलं सगळं

“हे बघा, आमच्या कामवाल्या मावशींना अजून काही सांगितलेलं नाही,” बाई दार लोटून घेत म्हणाल्या, “तेव्हा तुम्हीही कुठे बोलू नका. मुलीच्या कानावर गेलं तर रडून घर डोक्यावर घेईल. आयत्या वेळी सांगू.”

“नाही बोलणार,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी मोजपट्टी कपाटाला लावली.

कामवाल्या मावशी म्हणजे मास्तरांची बायको. बाईंना याचा पत्ता नव्हता. ती या घरात कामाला लागली तेव्हा यांची मुलगी रांगत होती, आता ती बुटांच्या नाड्या स्वतः बांधते. पण एवढ्या वर्षांत ‘मावशी, तुमचे मिस्टर काय करतात?’ असं कुणी विचारलं नव्हतं. मास्तर कधी तिला न्यायला आलेच तर फाटकाबाहेर उभे राहत. आज ती मुलीला पोहायच्या वर्गाला घेऊन गेली होती, आणि नेमकी तीच वेळ बाईंनी कंपनीला दिली होती.

घरसामान बांधून परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत मास्तर पॅकर होते. चिकटपट्टी ते दातही न लावता, एका हाताने सरळ फाडत, म्हणून हाताखालच्या पोरांनी त्यांना मास्तर केलं होतं. सध्या कंपनीची चांदी होती. इथल्या पैशाचा भाव असा घसरला होता की बाहेरून इथे नोकरीला आलेल्यांनी घरी पाठवलेला पगार तिकडे पोचेपर्यंत निम्मा होत होता. या बाहेरच्यांच्या जिवावर अर्धं शहर जगत आलं होतं. आता रोज सकाळी बँकेच्या काचेत डॉलरचा आकडा बदले, लोक त्याकडे बघत उभे राहत, आणि आणखी काही घरांना कुलपं लागत. “भाव पडला की ट्रक भरला,” मॅनेजर हात चोळत म्हणायचा. सगळे निघून गेल्यावर ट्रकात काय भरायचं, हे त्याला विचारायची कुणाची छाती नव्हती.

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि मास्तर अडखळले. फडकी तीन घड्या घालून दांडीवर. कपांचे कान सगळे एका दिशेला. साबणाच्या उरलेल्या चिपा एकत्र दाबून केलेला वेडावाकडा गोळा. हे तर त्यांच्याच घरातलं स्वयंपाकघर, फक्त ऐसपैस. खिळ्याला बायकोचा एप्रन लटकत होता. मास्तरांनी तो मोजला नाही.

“घरातलं सगळं न्यायचंय,” बाई म्हणाल्या. “काही म्हणजे काही सोडू नका. तिकडे नव्याने घ्यायची ऐपत उरलेली नाही आमची.” मग त्या उगाचच खिडकी पुसायला लागल्या.

मास्तरांना त्यांची कीव आली आणि रागही आला. “पडदे तेवढे धुवून ठेवा,” ते म्हणाले. “मळकं कापड पेटीत बुरशी धरतं.”

संध्याकाळी जेवताना बायकोनेच विषय काढला. “ताईने निरोप धाडलाय. तिच्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात एक जागा निघालीय. शुक्रवारपर्यंत हो-नाही सांग म्हणते. बाहेर बायकांची रांग लागलीय म्हणे.”

“मग?”

“मग काय? मॅडमच्या छकुलीला टाकून जाऊ? माझ्या हातचा घास असल्याशिवाय ती पोरगी जेवत नाही. आणि मॅडम जायच्या असत्या तर मला बोलल्या नसत्या का? उलट आज सगळे पडदे धुवायला काढले. जाणारा माणूस कशाला पडदे धुवेल?”

मास्तर कालवलेला भात पुन्हा कालवत राहिले.

“तुमच्याकडे नाही ना आलं त्यांचं नाव?”

“नाही,” मास्तर म्हणाले. “पाणी दे.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. गिऱ्हाईक जाणार असल्याची बातमी बाहेर फोडायची नाही, हा कंपनीचा नियम. एका पॅकरने ती घरमालकाच्या कानात सांगितली, तर त्याचा त्याच दिवशी हिशोब झाला होता. बायकोला सांगावं, तर तिच्या पोटात काही राहायचं नाही. सकाळी जाऊन बाईंपुढे उभी राहील. न सांगावं, तर धुलाईखात्याची जागा जाते. मास्तर रात्री कूस बदलत राहिले. दिवसा त्यांच्या हातून एक आरसा फुटला, जे कधी होत नसे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो मीच, असं त्यांना वाटत राही, आणि तोंड उघडायला गेलं की नोकरी दिसे. खरं सांगायचं तर ते घाबरले होते.

शुक्रवारी मात्र त्यांनी मनाचा हिय्या केला. काम अर्धं टाकून, बँकेच्या काचेकडे न बघता ते तडक घरी आले. बायको चपला काढत होती.

“ताईला सांगून आले, नाही जमणार म्हणून,” ती म्हणाली. “सुटले बाई एकदाची. डोक्याला नुसता भुंगा लागला होता. तुम्ही लवकर कसे?”

“डोकं दुखतंय,” मास्तर म्हणाले. ते खोटं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ट्रक त्या घरापुढे लागला. बेल वाजली, दार बायकोने उघडलं. तिचं तोंड बघताच मास्तरांना कळलं, तिला नुकतंच सांगितलंय. तिने त्यांचं तोंड बघितलं, मग कंपनीचा सदरा बघितला, कमरेची मोजपट्टी बघितली.

“मॅडम,” ती आत वळून म्हणाली, “पॅकर आलेत.”

दिवसभर तिने त्यांना ओळख दाखवली नाही. “हे नाजूक आहे, नीट धरा,” एवढंच बोलणं. तिने वर्षानुवर्षं घासलेले कप मास्तर कागदात गुंडाळत होते आणि ती एकेक पुसून हातात देत होती. छकुली खोक्यांमधून पळत होती. तिने प्रत्येक खोक्यावर आपलं नाव शोधलं, मग येऊन बायकोच्या पायाला मिठी मारली.

“मावशी, तू कुठल्या खोक्यात?”

“मी मावत नाही गं,” बायको म्हणाली.

हमाल हसले. मास्तरांनी चिकटपट्टी जोरात ओढली, तिचा टर्रकन आवाज झाला आणि तेवढंच बरं झालं.

केटल सगळ्यात शेवटी भरायची, हा मास्तरांचा नियम. रिकाम्या घरात माणसाला चहाचा घोट मिळावा म्हणून. नियम बायकोला पाठ होता. तिने सगळ्यांना चहा दिला. मास्तरांचा कप त्यांच्याजवळ जमिनीवर ठेवून ती निघून गेली.

बाईंनी तिला मिठी मारली, पाकीट दिलं. मोटार वळेपर्यंत छकुलीचा हात खिडकीबाहेर होता. ट्रकही बंदराकडे गेला. मग मागच्या दाराशी बायकोचा आवाज आला.

“माझ्या चपला?”

पॅकरची ही जुनीच खोड: घरातलं सगळं म्हटलं की सगळं. एकदा पोरांनी कचऱ्याचा डबा कचऱ्यासकट साता समुद्रापार पाठवला होता.

“पोरांनी भरल्या असतील. थांब, मी ट्रक गाठतो. सील तोडायला लावतो.”

“नको.” तिने नळ नीट बंद आहे का ते बघितलं. “जाऊ देत. छकुलीला ओळखीच्या आहेत त्या.”

दोघं फाटकापर्यंत आले. रस्ता तापला होता. ती थांबली.

“शुक्रवारी तुम्हाला ठाऊक होतं?”

मास्तरांनी फाटकाची कडी लावली, काढली, परत लावली. “हो,” ते म्हणाले.

तिने त्यांच्या पायांकडे बघितलं.

“काढा बूट.”

“काय?”

“तुमचे बूट. काढा.”

मास्तरांनी रस्त्याकडेला बसून बूट काढले. तिने त्यात पाय घातले, नाड्या घट्ट आवळल्या आणि चालू लागली. बूट मोठे होते. प्रत्येक पावलाला फटक फटक वाजत होते. बँकेसमोर लोक काचेतला नवा आकडा बघत उभे होते. ते वळून हसले. ती हसली नाही आणि थांबलीही नाही. मास्तर मोज्यांवर, तापल्या रस्त्यावरून, तिच्यामागे हातभर अंतर ठेवून चालत होते. पुढे होऊन बरोबरीने चालायचा त्यांना धीर होईना.

कोपऱ्यावर तिची पावलं जराशी मंदावली.

“काच पडलीय,” ती मागे न बघता म्हणाली. “बघून पाय टाका.”