उन्हाचं स्वयंपाकघर

तिचं काम शिलाई मशीन दुरुस्त करायचं. कंपनी धाडील त्या गावी जायचं, कपड्यांच्या कारखान्यात बंद पडलेल्या मशीनच्या पोटात हात घालायचा, ते चालू करून द्यायचं आणि पुढची बस पकडायची. रस्तारुंदीत राहतं घर गेलं, तेव्हापासून या फिरतीला आणखी एक काम चिकटलं होतं. मशीनं उरकली की ती त्या गावातली भाड्याची घरं बघत हिंडे. बसचं तिकीट कंपनीचं, तेवढाच खिशाला आधार.

नवरा आणि लेक थोरल्या दिरांकडे राहत होती. नवरा दिरांच्याच बेकरीत पाव भाजायचा. घरचाच माणूस म्हणून त्याच्या पगाराचा विषय कुणी काढत नसे. साबण फार लवकर संपतो हा विषय मात्र जाऊबाई रोज काढत. लेक फोनवर कुजबुजल्यासारखी बोलायची. एरवी ही पोरगी गल्ली डोक्यावर घेणारी. तिचा तो दबका आवाज ऐकला की आई त्याच संध्याकाळी आणखी एक घर बघून येई.

नदीकाठच्या एका गावात ते घर सापडलं. घरमालकीण निवृत्त नर्स, खाली एकटीच राहायची. वर दोन खोल्या आणि लांबट स्वयंपाकघर. ओट्यावर ऊन पसरलं होतं. ती ओट्याला टेकून नुसती उभी राहिली. पाय निघेना.

"नळ सोडून बघा, मोरी बघा," नर्सबाई म्हणाल्या. "लोक भिंती ठोकून बघतात. तुम्ही काहीच बघत नाही."

"बघतेय की," ती म्हणाली.

भाडं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

त्याच दुपारी तिथल्या कारखान्याच्या मालकाने विचारलं, "किती दिवस अशी वणवण करणार? इथेच कायमच्या राहा." पण फिरतीचा भत्ता तुटणार होता, आणि भत्त्याशिवाय त्या घराचं भाडं झेपणारं नव्हतं. ती विचार करून सांगते म्हणाली आणि स्टँडवरून तिने नवऱ्याला फोन लावला.

"इथली नोकरी धरली तर रोज घरी असेन. पण मग बाजारामागची अंधारी खोली घ्यावी लागेल. फिरती ठेवली तर हे घर जमतं. मी शनिवारची येईन."

पलीकडे भट्टीचं दार आपटल्याचा आवाज आला.

"मला तिथे पगाराचं काम मिळालं की सोड फिरती."

"आणि तोवर?"

"तोवर मी आहे ना पोरीजवळ. तुझा जीव कशात अडकलाय ते सांग."

"उन्हाच्या घरात."

"मग घे ते."

सामान हललं त्या दिवशी ती भलत्याच गावी होती. पलंग कुठे लावला, कपाट जिन्यात कसं अडकलं, सगळं फोनवर कळलं. शनिवारी आली, तेव्हा लेकीने हात धरून तिला घर दाखवलं, एखाद्या भाडेकरणीला दाखवावं तसं. चहा टाकायला तिने वरचा डबा काढला.

"आई, साखर तिथे नसते. इकडे असते."

"पाहुण्यांनी बसावं आता," नवरा हसत म्हणाला, आणि तिचा चेहरा पाहून स्वतःच ओशाळला. तिने साखर घातली. डब्यांची जागा बदलायचं तिच्या मनात आलं होतं. पण दोघांना तीच सवय झालेली. तिने हात आवरला.

रविवारी लेक इतकी खिदळली की नर्सबाईंनी खालून काय झालं म्हणून विचारलं. आईने मुद्दाम सगळी कामं सावकाश केली. भांडीसुद्धा कुणाला घासू दिली नाहीत.

नवरा स्टँडवर सोडायला आला. एका हॉटेलात पाव भाजायला माणूस हवा होता; त्यांनी त्याच्या हातचा पाव चाखून पाहिला होता, पण अजून होकार दिला नव्हता.

"पुन्हा जाऊन विचारू का? उतावळेपणा दिसेल."

"राहू दे, घाई करू नकोस," ती म्हणाली. बस लागली. ती चढली, खिडकीशी बसली आणि काच सरकवून खाली वाकली.

"ऐक. कर. घाई कर."