रिकामी खुर्ची, भरलेली खुर्ची

फोटो सुधारणाऱ्या रिटचरचं काम चांगलं झालं तर दिसत नाही, आणि दिसलं तर ते चांगलं झालेलं नसतं. असल्या धंद्यात त्याने अर्धं आयुष्य काढलं. लोकांच्या सुरकुत्या पुसल्या, टाय सरळ केले, नवरदेवाच्या खांद्यावरचा कुणाचा तरी अनोळखी हात उडवला. मग हे सगळं मोबाईल एका बोटात करू लागला आणि स्टुडिओ बंद पडला. वर्षभर घरी बसल्यावर त्याला एका जाहिरात कंपनीने विचारलं, "तुमची पोर्टफोलिओ वेबसाइट आहे ना? संध्याकाळपर्यंत लिंक पाठवा. त्यानंतर आम्ही निर्णय घेऊन मोकळे होणार."

"आहे," तो म्हणाला. नव्हती.

वेबसाइटचा रेडीमेड साचा फुकट मिळाला. त्यात "नमस्कार, मी" एवढंच लिहिलेलं होतं, पुढे जागा सोडलेली. ती भरायची हिंमत होईना, म्हणून त्याने आधी पार्श्वभूमी निवडायला घेतली. पांढरी की दुधी, यातच दुपार झाली.

बायको मागे येऊन उभी राहिली. "हा फोटो छान आहे. यात तू काय केलंस?"

"बाईंची दुसरी हनुवटी काढली."

"दिसत नाहीये."

"तेच तर काम."

"अरे, मग त्या कंपनीला कसं दिसणार? आधीचा फोटो टाक ना शेजारी."

आधीचे फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेले होते. घरात आधीचा आणि नंतरचा असा एकच जोड होता. सासूबाईंच्या सत्तरीला घरात फोटो काढला, तेव्हा त्यांनी सवयीने शेजारची खुर्ची रिकामी ठेवली होती. सासरे जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्याने एका जुन्या फोटोतून सासऱ्यांना उचललं आणि त्या खुर्चीत बसवलं. इतकं मन लावून त्याने आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं. तो फोटो सासूबाईंच्या पलंगासमोर लावलेला होता.

"आई, तो फोटो वेबसाइटवर टाकला तर चालेल?" त्याने सासूबाईंना विचारलं.

"कोण बघणार?"

"कुणीही. जगभरात कुठूनही."

"यांना गर्दी आवडायची नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण टाका. तुमचं काम होऊ दे."

त्याने दोन्ही फोटो एकावर एक बसवले आणि मधे सरकती पट्टी दिली. बोटाने उजवीकडे ओढली की खुर्ची भरायची, डावीकडे ओढली की रिकामी. लिंक पाठवली आणि टॅबलेट सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी पट्टी दोन-तीनदा इकडून तिकडे नेली.

"घड्याळ मात्र उजव्या हातात आलं," त्या म्हणाल्या.

त्याने वाकून बघितलं. जुन्या फोटोत सासरे दुसरीकडे बघत होते. त्यांनी सासूबाईंकडे बघावं म्हणून त्याने त्यांना आरशातल्यासारखं उलटं केलं होतं. त्यामुळे घड्याळ, भांग, खिशातलं पेन सगळंच फिरलं होतं. नवशिक्याही करणार नाही अशी चूक, आणि तीच आता साहेबलोक मोठी करून बघत असणार.

"कधी लक्षात आलं तुमच्या?"

"दिलात त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही सरळ केलं असतं. मग ते पलीकडे बघत बसले असते."

तेवढ्यात मोबाईलवर कंपनीचा मेसेज आला. त्याने उभ्यानेच वाचला आणि मोबाईल बायकोकडे दिला. *फोटोतले वृद्ध गृहस्थ फारच सफाईने काढलेत. खुर्चीवर मागमूस नाही. आमच्याकडे हेच काम असतं, नको असलेली माणसं काढायची. सोमवारपासून या.*

आधी कोणता आणि नंतर कोणता हे लिहायचंच राहून गेलं होतं.

"त्यांना सांग ना," बायको हळू आवाजात म्हणाली.

"काय सांगू? मी माणसं काढत नाही, बसवतो?"

तिने मोबाईल त्याच्या हातात परत दिला. वर्षभर तिच्या एकटीवर घर चाललं होतं, आणि हे तिने एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

"काय म्हणतायत?" सासूबाईंनी विचारलं.

"काम आवडलं म्हणतायत."

"यांना बघितलं त्यांनी?"

"बघितलं."

त्याने 'धन्यवाद, येतो' असं लिहून पाठवून दिलं. मग टॅबलेट घ्यायला हात पुढे केला, पण सासूबाई देईनात. बोट उचललं की पट्टी आपसूक डावीकडे जाते, हे एव्हाना त्यांना कळलं होतं. त्या उजव्या कडेवर बोट दाबून बसून होत्या.