थांबत थांबत वर

"ताई, नवा शर्ट आहे गं!" मिकेस ओरडला, पण तोवर फटकन उघडलेल्या बाटलीतल्या गझोझाचा, म्हणजे गोड सोड्याचा, फेस त्याच्या गळ्यापासून पोटापर्यंत ओघळला होता. वर्ग खदखदून हसला.

"शर्ट धुता येतो," तेमेलीनाबाई म्हणाल्या. "उभा राहा तसाच."

ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावर पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या तेमेलीनाबाई चिकाटीच्या बाबतीत कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. धाकटा भाऊ मिकेस उद्या समुद्रतळाचे स्पंज काढायला निघणार, म्हणून शाळेत निरोप घ्यायला आला, तर बाईंनी त्यालाच फळ्यापुढे उभं केलं.

"दर दहा मीटर खोलीला डोक्यावरच्या सगळ्या हवेइतका दाब वाढतो. मग चाळीस मीटरवर किती?"

"चौपट, बाई!"

"आणि वरची हवा कोण मोजणार, तुझे आजोबा? पाचपट! त्या दाबाखाली पाणबुड्याला नळीतून मिळणारी हवा रक्तात मुरते, या गझोझातल्या वायूसारखी. झटकन वर येऊन दाब एकदम काढला की रक्तात काय होतं, ते मिकेसच्या शर्टावर बघा."

दुसऱ्या बाटलीचं झाकण त्यांनी जरा सैल केलं, थांबल्या, पुन्हा सैल केलं. थेंबही सांडला नाही.

"पण बाई," मागच्या बाकावरची सेवास्ती म्हणाली, "बाबा म्हणतात, थांबत थांबत वर येणं म्हातारीचं काम."

तिचे बाबा म्हणजे द्रोसोस, बेटावरचा नावाजलेला पाणबुड्या. मिकेस त्याच्याच होडीवर जाणार होता. आता कुणी हसलं नाही. बहुतेकांच्या घरी एखादा काका काठी टेकत चालत होता, तरी कोण किती झटकन वर आला यावरच तिथं मर्दुमकी ठरायची. बाईंचे वडील त्याच मर्दुमकीपायी खाटेला खिळले आणि खाटेवरच गेले.

"मिकेस, म्हातारी हो," बाई म्हणाल्या. "या पोरांसमोर शब्द दे मला."

मिकेसचे कान लाल झाले. "बरं बाई, होतो म्हातारी!"

उन्हाळा सरला, होड्या परतल्या. मिकेस आपल्या पायांनी फळीवरून उतरला. बाईंनी त्याला भर धक्क्यावर मिठी मारली.

"उन्हाळाभर आजीबाई म्हणून छळलं गं मला," तो म्हणाला. मात्र तो हसत नव्हता. त्याच्या मागून चौघांनी खुर्ची उतरवायला घेतली होती आणि खुर्चीत द्रोसोस होता.

बाईंचा ऊर आनंदानं भरून आला होता. शेजारी उभ्या सेवास्तीकडे बघून त्यांनी तो आनंद गिळला. एकाचा हात निसटला, खुर्ची कलंडली. मिकेसनं पिशवी टाकली, धावत जाऊन खुर्चीचा तो पाय उचलून धरला. द्रोसोसनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ताठ बसून तो धक्क्यावरच्या माणसांना हात हलवून दाखवत राहिला.

सेवास्ती पुढे झाली. वडिलांचे लोंबणारे पाय दगडांना घासू नयेत म्हणून तिनं ते दोन्ही हातांनी उचलून धरले आणि ती खुर्चीबरोबर चालू लागली.