धनुबाईच्या घरातली एसडीए

खांडबाऱ्यात धनुबाईच्या ओट्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. आत जालमसिंग महाराज संगणकाला कुंकू लावत होते.

धनुबाईची लेक रोशनी गेल्या वर्षी काविळीने गेली. तिने झोक्यावर म्हटलेलं आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, गाणं तेवढं तिच्या संगणकात राहिलं, दुसरीकडे कुठेच नव्हतं. संगणक बिघडला, तेव्हा दुरुस्तीचं दुकान बुडवून बुवा झालेल्या जालमसिंगाने तो पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू करून दिला. आत सारख्या दिसणाऱ्या दोन डिस्क होत्या; पडद्यावर एकीचं नाव ‘एसडीए’ दिसे, दुसरीचं ‘एसडीबी’. महाराज दरवेळी ‘एसडीबी’ नावाचीच उघडत. कधी गाणं वाजे, कधी डिस्क रिकामी निघे.

वाजलं की आरोळी, “माय, तुन्ही पोर उनी!”

नाही वाजलं की, “रुसनी शे. तू तिले दवाखान्यात उशिरा लई गयी, तेन्हा राग शे.”

धनुबाईच्या मनाला तेच तर वर्षभर कुरतडत होतं. ती उपास करी, कोंबडी देई, रात्रभर रडे. ‘एसडीए’ला हात लावायचा नाही, तिच्यात बाधा आहे, अशी महाराजांची ताकीद होती.

आखाजीला लेकी माहेरी येतात आणि गेलेल्यांसाठी घागरही त्याच दिवशी भरतात. धनुबाईने सांजोऱ्या तळल्या, घागरही मांडली. त्या सकाळी महाराजांनी मंत्र म्हणत बाधेच्या एसडीएतलं होतं नव्हतं ते सगळं पुसून काढलं. संगणक पुन्हा सुरू केला. गाणं नाही. आणखी तीनदा सुरू केला, तरी नाही.

दुपारच्या गाडीने भाची ममता आली. ती नवापूरला शाळेत संगणक शिकवते. तिने दोन्ही डिस्कच्या पाठीवरचे कारखान्याचे क्रमांक खडूने फरशीवर लिहिले. मग सर्वांसमोर संगणक चार वेळा बंद-चालू केला. क्रमांकाच्या शेवटी सत्तेचाळीस असलेली डिस्क पडद्यावर दोनदा एसडीए निघाली, दोनदा एसडीबी.

“जी डिस्क आधी जागी व्हस तिले एसडीए नाव भेटस,” ममता म्हणाली. “रेशनन्या रांगमा आज तुम्हना नंबर पहिला, उद्या दुसरान्हा. तेवढावरी माणूस बदलस का? आज सकाळे गाणानी डिस्क आधी जागी व्हयनी, आनि हाऊ महाराज तीच पुसी बसना.”

महाराज चपला शोधायला म्हणून उठले, ते परत आलेच नाहीत.

“आनि गाणं?” धनुबाईने विचारलं.

“गयं, मावशी. आते ते परत येवाव नही.”

धनुबाई घागरीजवळ जाऊन बसली.

“मंग मन्ही रोशनी मन्हावर रुसनी नव्हती?”

“नही मावशी. एक दिवस बी नही.”

तेव्हा कुठे धनुबाई मोकळेपणी रडली.

लोकहो, एखादी गोष्ट कळली नाही तर कळली नाही म्हणावं, जाणत्याला विचारावं. त्यात कसली लाज? त्या ओट्यावर शंभर माणसं होती. “महाराज, पुसण्याआधी ही एसडीए एकदा उघडून दाखवा,” असं त्यांतल्या एकाने जरी म्हटलं असतं, तरी पोरीचा आवाज आज तिच्या आईच्या घरात राहिला असता.