साडेचार व्होल्ट

सुनेने बझरच्या तारा नऊ व्होल्टच्या बॅटरीला टेकवल्या, तशी घरभर कर्कश किंकाळी उठली. स्वयंपाकघरात नवऱ्याच्या हातून चमचा पडला.

"वा! आता आईला पाणी द्यायला शेजारीपाजारीही धावत येतील," तो म्हणाला.

पलंगावरच्या सासूबाई अर्ध्या ओठांनी हसल्या. पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली होती, उजवा हात लुळा पडला होता. हाक मारता यावी म्हणून सुनेने त्यांच्या डाव्या हाताशी बझरचं बटण बसवलं.

आठवडा झाला तरी बटण काही दाबलं गेलं नाही. दुपारी काम उरकून ती खोलीत यायची, तेव्हा पेला रिकामा असायचा आणि सासूबाईंचे ओठ सुकलेले.

"आई, तहान लागली तर वाजवायचं ना?"

सासूबाईंनी तिच्या कामाच्या टेबलाकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

सुनेला जुने दिवस आठवले. तिच्या परीक्षेच्या दिवसांत चहा आणताना या बाई बशीतला कप बोटाने दाबून धरायच्या, खुळखुळ नको म्हणून. तिचं रडणारं पोर काखोटीला मारून गच्चीवर पळायच्या. आज ती चारचौघांत ताठ मानेने सर्किटं बनवत होती, ती त्या शांततेच्या जिवावर. हे उपकार फिटणारे नव्हते, आणि ते फेडून मोकळं व्हावं असं तिला वाटतही नव्हतं.

बझर तीन व्होल्टपासून बारापर्यंत कशावरही चालणारा होता. व्होल्टेज उतरवलं की आवाजही उतरायचा. तिने दीड-दीड व्होल्टचे दोन सेल लावून पाहिले. आवाज मऊ आला, पण सेल जरा उतरले की बझर मुका होणार. मग तिसरा सेल जोडला. साडेचार व्होल्ट. आवाज तिच्या टेबलापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"एवढासाच?" नवऱ्याने विचारलं.

"मला ऐकू आला की झालं. कुणाची झोपमोड होत नाही, माझंही काम बिघडत नाही. कळलं ना, आई?"

दुसऱ्या दिवशी बझर वाजला. हातातलं काम तसंच टाकून ती धावली. काही सांडलं नव्हतं, चादरही जागेवर होती.

"काय झालं, आई? दुखतंय का?"

सासूबाईंनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, मग सुनेच्या पोटाकडे, आणि डोळे वटारले. दुपार कलली होती. सून अजून जेवली नव्हती.

तिने ताट वाढून तिथेच आणलं आणि पलंगाशी बसली. तिने पहिला घास घेतला, तशी सासूबाईंनी आपला रिकामा पेला तिच्यापुढे सरकवला, आणि ती समोर बसलेली असतानाच बटण पुन्हा एकदा दाबलं.