ओठ हलवणाऱ्या बाई

पोस्टबाई बावीस वर्षं चर्चच्या गायनवृंदात, क्वायरमध्ये, होत्या आणि बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून एक सूर निघाला नव्हता. पहिल्याच सरावाला क्वायरच्या मास्तरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाई, तुम्ही नुसते ओठ हलवा. चेहरा प्रसन्न आहे तुमचा." दुसरी कोणी असती तर पाय आपटत घरी गेली असती. बाई राहिल्या. ओठ हलवण्यात पुढे त्यांचा हात धरणारं कोणी उरलं नाही.

पोस्टाच्या खिडकीत बसून त्या दिवसभर पार्सलं तोलायच्या. डिसेंबरात तर मान वर करायला फुरसत नसे. लोकांच्या पार्सलांचं वजन हमखास जास्त भरे. आपलं मात्र कुठेच भरत नाही असं बाईंना वाटे, आणि नाताळ जवळ आला की फारच वाटे. कुणी चर्चसाठी पडदे शिवी, कुणी येशूजन्माचं नाटक बसवी. बाई ओठ हलवत. नवरा म्हणे, "घरी तरी खरं गात नाहीस, उपकार आहेत."

त्या वर्षी तापाची साथ आली. खालच्या सुरात गाणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या आवाजाच्या, रांगेत चौघी होत्या. त्यातल्या दोघी, सख्ख्या बहिणी, नाताळच्या आदल्या दिवशी अंथरुणाला खिळल्या. उरल्या पोस्टबाई आणि शाळेच्या मोठ्या बाई. मुख्य गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात बाकी सगळे थांबतात आणि देवदूताचे दोन शब्द ही रांग एकटी गाते, तेही दोनदा: 'भिऊ नका.'

मोठ्या बाईंनी वर्गात "गप्प बसा" म्हटलं की पलीकडच्या गल्लीतली पोरंही गप्प बसत. पोस्टबाईंची सगळी मदार त्यांच्यावर होती. नाताळच्या सकाळी उपासनेआधी पोस्टबाईंनी डोळे मिटले. "प्रभू, आवाज तूच दिलायस, तेव्हा तक्रार तुझ्याकडेच. मोठ्या बाईंचा घसा तेवढा सांभाळ. माझं हसं होऊ देऊ नकोस. बाकी तुझ्यावर सोडलं." सोडलं म्हणाल्या खऱ्या, पण काय करायचं तेही सांगून ठेवलं होतं.

तिसरं कडवं आलं. सगळे थांबले. मास्तरांनी हात उचलला. पोस्टबाईंनी ओठ हलवले. मोठ्या बाईंनीही हलवले. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. तीही पडली नाही.

पोस्टबाईंनी शेजारी पाहिलं. मोठ्या बाई घामाघूम झाल्या होत्या. "मलाही मास्तरांनी तेच सांगितलं होतं," त्या ओठ न हलवता पुटपुटल्या.

म्हणजे इतकी वर्षं त्या दोन बहिणीच गात होत्या. पोस्टबाईंचे लाजेनं कान तापले. आपण कुठल्याच कामाच्या नाही हे देवाला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी त्यानं नेमकं आपल्यालाच इथे उभं करून ठेवलं होतं. त्याला चालत असेल, तर आपण कोण नाही म्हणणार? त्यांनी तोंड उघडलं.

'भिऊ नका' बाहेर पडलं. सूर कुठला होता कोण जाणे. आवाज असा कापत होता की देवदूतालाच कुणीतरी धीर द्यावा. मोठ्या बाईंनी त्यांचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्यांदा दोघी मिळून गायल्या. ते पहिल्यापेक्षा वाईट झालं. पोस्टबाईंना मात्र रडू येईल इतकं बरं वाटलं. मागच्या बाकावर नवरा कारण नसताना उभा राहिला होता.

उपासना संपल्यावर मास्तरांनी दोघींना दारातच गाठलं. "पहिल्यांदा गप्प का बसलात? नुसते ओठ हलवायला कुणी सांगितलं होतं?"

मास्तरांनी आयुष्यात इतक्या जणांना गप्प बसवलं होतं, की कुणाकुणाला ते त्यांच्याही लक्षात नव्हतं. दोघी नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "जरा मोठ्यानं."